सारवलेली जमीन वाळली होती

ज्यांच्या गुडघ्याची एकच बाजू झिजलीय आणि ज्यांना डॉक्टरांनी 'हाड कापून पाय सरळ करू' म्हणून सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहायला बसलेय. ऑपरेशनला भिऊ नका. भ्यायचंच असेल तर आपल्या तोंडाला भ्या. माझा पाय डॉक्टरांनी सरळ केला, मी तो दोन महिन्यांच्या आत खचवला आणि त्याचं खापर एका पोरीच्या डोक्यावर फोडलं. मधेच 'काय ही बाई!' असं म्हणावंसं वाटलं तर खुशाल म्हणा. मी रोज म्हणते.

मी सातवीपर्यंत शिकलेली. लिहिते जरा पुस्तकातल्यासारखं, बोलते गावचं. ते दोन्ही इथं एकत्र येईल, चालवून घ्या.

फेंगडे पाय

माहेर खानापूरकडचं, सासर जोयडा तालुक्यात नंदिगड्डेच्या बाजूला. पाय माझे जन्माचेच वाकडे. सरळ उभी राहिले की दोन गुडघ्यांच्या मधून मांजर आरामात जाईल. शाळेत पोरं 'फेंगडी' म्हणायची. लग्नाच्या बोलणीत सासूबाईंनी मला चालायला लावलं आणि म्हणाल्या, "पाय वाकडं हायत, पण कंबर घट्ट हाय. चिखलात टिकंल."

टिकले. तेवीस वर्षं भाताच्या चिखलात टिकले. लावणीच्या रांगेत आमच्या वाडीत माझ्या पुढं कुणी जात नव्हतं, आणि त्याचा मला माज होता. हो, माजच.

डावा गुडघा आतल्या बाजूनं दुखायला लागला तेव्हा मी दोन वर्षं कुणाला कळू दिलं नाही. निर्गुडीचा पाला शेकला, तेलं चोळली. विहिरीवर बाकीच्या बाया पुढं जाईपर्यंत मी घागर घासत बसायची, कारण पायरी उतरताना माझं तोंड कसं वाकडं होतं ते कुणी बघायला नको होतं. शेवटी एकदा संडासात बसले ती उठताच येईना. दाराची कडी धरून रडले आणि पोराला हाक मारली. संतोष माझा एकुलता एक. त्याचं लग्न होऊन चारच महिने झाले होते.

त्यानं आणि माझ्या सुनेनं, दीपानं, मला बेळगावला नेलं. डॉक्टर तरणे, शांत. मला लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरून चालायला सांगितलं. पोराच्या समोर. सून मान खाली घालून उभी राहिली, तेवढं तिचं शहाणपण. मग एक्स-रे उजेडावर लावला. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला चांगली फट होती, आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं.

"सांधा बदलायचं तुमचं वय नाही," डॉक्टर म्हणाले. "पाय वाकडा आहे म्हणून सगळा भार आतल्या बाजूवर येतो. गुडघ्याखालचं हाड कापून पाय सरळ करू, स्टीलची पट्टी बसवू. भार चांगल्या बाजूवर गेला की झिजलेल्या बाजूला विसावा मिळेल."

माझे कान 'कापून' ह्या शब्दावरच अडकलेले. विचारलं, "कोयत्यानं व्हय?"

संतोष लाजला. डॉक्टर हसले, पण चांगलं हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, की ऑपरेशननंतर दोन महिने हा पाय जमिनीला टेकायचा नाही. मी परत एक्स-रे बघून सांगेपर्यंत नाहीच. तीनदा सांगितलं. दीपानं ते फाईलच्या पाठीमागं पेनानं लिहून घेतलं.

वॉर्ड

ऑपरेशन मे महिन्यात झालं. पाठीत सुई दिल्यामुळं दुखलं नाही, पण आवाज ऐकू येत होता. लाकूड कापायच्या गिरणीतला असतो तसलाच. मी डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेत होते आणि मधेच विसरत होते.

वॉर्डातले दिवस सगळे सारखे. पहाटे सिस्टर येऊन कन्नडमधून ओरडायची, "बेरळु अल्लाडसी!" म्हणजे पायाची बोटं हलवा. मग सुई, मग चहा, मग घोटा वर-खाली, वर-खाली. तिसऱ्या दिवशी वॉकर दिला आणि एका पायावर उभं राहायला शिकवलं. पहिल्यांदा खाली बघितलं तर डावा पाय सरळ, उजवा वाकडा. शेजारच्या कॉटवरची म्हातारी म्हणाली, "अगं, एक पाय हेमामालिनीचा केला की!" त्यावर सगळा वॉर्ड हसला आणि मी पण हसले. तेवढं बरं वाटलं.

आता लाजेची गोष्ट. अंथरुणातच भांडं घ्यावं लागतं. पहिल्या दिवशी मी रात्रभर दाबून धरलं. सकाळी दीपानं न विचारता पडदा ओढला, भांडं सरकवलं आणि म्हणाली, "आत्या, लाजू नगासा. माझ्या आईच्या आजारपणात मी सगळं केलंय." आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. सहा दिवस तिनं माझं सगळं काढलं. नाक मुरडलं नाही. रोज माझे केस विंचरून दोन वेण्या घातल्या. मी सगळ्या वॉर्डाला सांगत होते, सून लाखात एक मिळाली म्हणून.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी एवढं करा. घरी उंच खुर्ची ठेवा, आंघोळीला स्टूल ठेवा, आणि जे माणूस तुमचं भांडं काढतं त्याला पुढं काही झालं तरी विसरू नका.

पहिली मूठ

आमच्याकडं लावणीला वाडीतल्या बाया एकमेकींच्या शेतात जातात. आज सगळ्या माझ्याकडं, उद्या सगळ्या तुझ्याकडं. पण तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, पहिली मूठ घरच्या थोरल्या बाईनं लावायची. हळदकुंकू वाहायचं, मूठ लावायची, मग बाकीच्यांनी चिखलात उतरायचं. सासूबाई होत्या तोवर त्यांनी लावली. त्या गेल्यावर मी.

त्या जुलैत माझा ऑपरेशननंतरचा सातवा आठवडा चालू होता. आमच्या लावणीच्या आदल्या दिवशी जेवताना आमचे मालक, म्हणजे संतोषचे वडील, भात कालवता कालवता म्हणाले, "ह्या वर्षी मूठ दीपा लावंल."

"व्हय की, लावूं दे," मी म्हणाले. आणि आतून नुसती पेटले.

दीपा रामनगरची. बेळगाव-गोवा रस्त्यावर तिच्या वडलांचं पंक्चरचं दुकान. पोर ट्रकच्या टायरांत वाढलेली, तिला तरवा कसा धरतात ते पण ठाऊक नव्हतं. शेण सारवायला मीच खुर्चीत बसून शिकवलं होतं. त्या संध्याकाळी उद्या बाया येणार म्हणून तिनं घराचा पुढचा सोपा सारवला. हात गोल फिरतोय का सरळ, मला विचारून विचारून. मला तिचा राग यायचं काही कारण नव्हतं. तरी आला.

सकाळी उजाडल्यावर मालक वरच्या खाचराला गेले, संतोष बायांना बोलवायला गेला, दीपा गोठ्यात धार काढत होती. मी वॉकर घेतला. अंगणाला लागूनच आमचं खालचं खाचर आहे. बांधावर तरव्याच्या पेंड्या ठेवलेल्या.

डॉक्टरांचं सांगणं मी विसरले नव्हते. हे नीट ऐका, कारण आमच्याकडच्या बाया हीच चूक करतील. डॉक्टर म्हणाले होते, पाय जमिनीला टेकायचा नाही. मी मनाशी म्हटलं, चिखल म्हणजे काय जमीन न्हवं. चिखलात पाय टेकत नाही, बुडतो. गाभण म्हशीला पण आपण मऊ जागी उभं करतो की. ह्या चिखलानं मला तेवीस वर्षं काही केलं नाही, तो आता काय करणार?

बांधावर बसून दोन्ही पाय आत सोडले. खरंच गार, मऊ लागलं. वॉकरला धरून उठले, कोपऱ्यात वाकले, एक मूठ लावली. छान उभी राहिली. कुणी बघायला नव्हतं, तरी मला वाटलं, बघा आता घरची थोरली कोण ती.

मग परत फिरायला उजवा पाय उचलायला गेले, तर चिखल सोडेना. लावणाऱ्या बाईला ठाऊक असतं, चिखल पाय घेताना मऊ असतो, देताना नसतो. पाय ओढायला सगळा भार डाव्यावर गेला. आत कुठंतरी 'कट्' असं वाजलं. दुखायच्या आधी वाजलं. वॉकर तिरका झाला, मी बांधावर कोसळले. वर यायला पायांचा उपयोग नव्हता, बसूनच सरकत, वॉकर मागं ओढत अंगणातल्या हौदापर्यंत आले. चिखल धुतला. वॉकरचे पाय पण धुतले. कशीबशी सोप्याच्या कडेला येऊन बसले.

दीपा दुधाची चरवी घेऊन आली. "आत्या! काय झालं? पडलासा?"

तोंडातून कसं निघालं मलाच कळलं नाही. "घसरले. तू सारवलंस न्हाई का, त्यावरनं."

तिनं जमिनीकडं बघितलं. मग माझ्याकडं. "ओलं हुतं?"

"न्हाईतर काय! मी काय खोटं सांगते?"

 ती चरवी खाली ठेवून मला धरायला आली. तेवढ्यात बाया आल्या. सगळ्यांच्या पुढं आमच्या शेजारच्या यशोदावैनी, त्यांच्या कानावर गेलं की गावात जातंच. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. दीपानं रडत रडत जाऊन पहिली मूठ लावली. ती दुसरी होती. एवढ्या गर्दीत कोपऱ्यातली एक मूठ कोण बघतो?

"व्हय, सर"

दोन आठवडे मी दुखणं गिळलं. मग ठरलेल्या तारखेला बेळगाव. डॉक्टरांनी एक्स-रे लावला आणि जुना एक्स-रे शेजारी धरून बघितला. सरळ केलेला पाय परत थोडा वाकला होता. हाड खचलं होतं, एक स्क्रू वाकला होता.

"पडलात का?"

"घरात घसरले," मी म्हणाले. "शेणानं सारवलेलं ओलं हुतं."

दीपा फाईल धरून माझ्या मागंच उभी होती. डॉक्टर तिला रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "ताई, घरात असा पेशंट असला की जमीन कोरडी ठेवायची असते."

"व्हय, सर," ती म्हणाली.

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. दारं-खिडक्या सगळं उघडं होतं, मी पण होते, ती पण होती, डॉक्टर पण होते. मी खाली बघत बसले.

परत ऑपरेशन नको, हाड आहे तसं जुळू दे, असं डॉक्टरांनी ठरवलं. आणखी दोन महिने पाय वर. 'गुडघ्याला जेवढा विसावा मिळायला हवा होता तेवढा आता मिळणार नाही,' म्हणाले. ते दोन महिने पण दीपानंच सगळं केलं. फक्त ती गप्प झाली. वेण्या घालायची, पण बोलायची नाही. संतोषनं सोप्याला सिमेंट करून घेतलं. येणारा-जाणारा विचारायचा, सिमेंट का केलं? आणि दीपा चहा देत असताना तिच्यासमोरच उत्तर दिलं जायचं.

दसऱ्यानंतर तिची आई आली, म्हणजे माझी विहीणबाई. नारळ आणि साडी घेऊन. बसली पण नाही, थेट माझ्या पायाशी वाकली आणि त्या डाव्या पायाला हात लावून म्हणाली, "लेकीचं चुकलं. नवी हाय, शिकली न्हाई अजून. पदरात घ्या."

आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? "असूं द्या हो. चुकतं माणूस."

माफ केलं. मी! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. ती बाई डोळे पुसत मला मोठ्या मनाची म्हणाली. तो नारळ मी फोडला नाही. कोनाड्यात ठेवला, तो तिथंच सुकला.

बारसं

पुढच्या वर्षी दीपाला दिवस गेले, बाळंतपणाला रामनगरला गेली. मुलगी झाली. बारशाला आम्ही वाडीतले दहा-बारा जण गेलो. पोरीला पाळण्यात घालताना यशोदावैनी मोठ्यानं म्हणाल्या, "जपून गं दीपा. लेकरू सारवलेल्या जमिनीवर ठेवू नगंस, सासूसारखं व्हईल!"

सगळे हसले. संतोष हसला. मी पण हसले. आजवर मी जे जे केलं त्यात ते हसणं मला सगळ्यात जास्त टोचतं. खोटं तर भीतीनं बोलले असं म्हणता येईल. हसायला काय झालं होतं?

दीपा पाळण्याची दोरी सोडून आत गेली. पाच महिने झाले तरी परत आली नाही. संतोष दोनदा आणायला गेला, दोनदा एकटाच आला. तिनं एवढंच सांगितलं, की त्या घरात मला यायचं नाही.

टीव्हीवरचा गुडघा

पट्टी काढायला परत बेळगावला गेले. ऑपरेशनला दीड वर्ष होऊन वर तीन-चार महिने झाले होते. डॉक्टर म्हणाले, पट्टी काढतानाच दुर्बिणीनं गुडघ्याच्या आत बघूया, काय बदल झालाय ते. पाठीत सुई होती, मी जागी. त्यांनी टीव्ही माझ्याकडं फिरवला.

आपल्याच गुडघ्याच्या आत बघायचं म्हणजे विचित्रच. डॉक्टर दाखवत होते. "इथं आधी नुसतं हाड होतं. आता बघा." तिथं पांढरट पातळ थर धरला होता, पेजेवर साय धरते तसा. भार हलल्यावर झिजलेली जागा स्वतःच थोडी भरून येते, म्हणाले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. एवढा छळ केला, तरी शरीर बिचारं आपलं काम करत राहिलं होतं.

मग दुर्बीण जरा सरकली. एका जागी थर नव्हता. उघडं, पिवळसर हाड. "इथं धरलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पाय खचला ना, त्यामुळं ह्या जागेवर भार राहिला. त्या घसरण्यानं नुकसान केलं. काही वर्षं निघतील, पण पुढं सांधा बदलावा लागेल."

त्यांनी हे संतोषला पण सांगितलं. संध्याकाळी तो कॉटच्या कडेला येऊन बसला. बराच वेळ बोटं मोडत होता. मग म्हणाला, "आई, मी ठरवलंय. तिला आता आणायला जाणार न्हाई. तुझ्या पायाचं वाटोळं करून वर तीच रुसती. राहू दे तिकडंच. माणसं बसवून काय ते मिटवून टाकू."

घर मोडायला निघाला होता पोरगा. माझ्या एका वाक्यावर.

"संतोष," मी म्हणाले, "मी घसरले न्हवते. मी शेतात उतरले हुते."

त्याला कळेना. मग सगळं सांगितलं. चिखल, मूठ, आवाज. तो उठून बाहेर गेला. तासाभरानं आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला कशाला सांगतीस? मी तिला काय काय बोललोय ठाऊक हाय का तुला? तिला जाऊन सांग."

रामनगर

टाके निघाल्यावर काठी घेऊन बसनं गेले. संतोष येतो म्हणाला, मी नको म्हटलं. तिचे वडील दुकानात होते, त्यांना घरी बोलावून घ्यायला लावलं. विहीणबाई चहा टाकायला उठल्या, त्यांना म्हटलं, आधी ऐका, मग टाकावासा वाटला तर टाका.

दीपा लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर उठून पळाले असते असं वाटलं.

सांगून झालं. मग दीपा म्हणाली, "जमीन वाळली हुती, आत्या."

"म्हंजे?" मी विचारलं.

"पावसात सारवलेलं वाळत न्हाई. तुमचा वॉकर हाय म्हणून मी रात्री निखाऱ्याची शेगडी सोप्यात फिरवून वाळवलेलं. सकाळी अनवाणी चालून बघितलेलं. वाळलं हुतं. मला ठाऊक हुतं. मला कुणी विचारलंच न्हाई."

"मग बोलली का न्हाईस गं?"

"कुणाला बोलू? तुमचं हाड मोडल्यालं सगळ्यांना दिसत हुतं."

तिच्या आईनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. तिकडूनच म्हणाली, "मी तुमच्या पायाला हात लावला हो." एवढंच. तिच्या नवऱ्यानं तिला आत नेलं.

मी दीपाला म्हटलं, चूक झाली, चल घरी. तिनं लेकराचं टोपडं नीट केलं. आवाज चढवला नाही. "ज्यांना ज्यांना सांगितलंसा त्यांना आधी खरं सांगा. मग बघू."

घरोघर

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंच होतं. काठी घेऊन सुरुवात केली. रोज एक घर, कधी दोन. आमची घरं लांब लांब, मधे रान. गुंद गावाला नणंद असते, तिथंपर्यंत गेले.

मला वाटलं होतं, लोक थुंकतील. झालं उलटंच. कुणाला पटेना! नणंद म्हणाली, "वैनी, तुझं मन लई मोठं. सून नांदावी म्हणून सगळं आपल्या अंगावर घेतीस." एक म्हातारी म्हणाली, अशी सासू हुडकून मिळायची न्हाई. यशोदावैनी डोळा मारून म्हणाल्या, "पांघरूण घालतीस व्हय सुनेवर? घाल बाई, शाणी हाईस. पण मला न्हाई फसवायचीस." आणि सगळीकडं चहा. वर पोहे. खोटं बोलले तेव्हा एका वाक्यात सगळ्या गावाला पटलं होतं. खरं सांगायला लागले तर माझा मोठेपणा वाढायला लागला. तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि लोक त्याच तोंडात साखर घालत होते.

दीपाला फोन केला. आमच्याकडं टेकाडावर चढल्याशिवाय रेंज येत नाही. चढले. सांगितलं, सगळ्यांना बोलले, पण पटत नाही कुणाला.

"मग परत जावा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तेव्हा मी त्या टेकाडावर बसून विचार केला, का पटत नाही? कारण मी अजून सगळं सांगत नव्हते. तुम्हालाही सांगितलेलं नाही. वर मी लिहिलंय, की तोंडातून कसं निघालं मलाच कळलं नाही. ते खोटं आहे. मला चांगलं कळलं होतं. हौदापाशी बसून वॉकरचे पाय धुताना मी ठरवलं होतं, की जमिनीचं नाव सांगायचं. हवं तर म्हणता आलं असतं, वॉकर सटकला. चक्कर आली म्हणता आलं असतं. दोन्ही माझ्या मनात आलं होतं. पण आज मूठ दीपा लावणार होती, सगळ्या बायांच्या देखत. ती हसत हसत लावायला नको होती मला. म्हणून तिचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी यशोदावैनींकडं परत गेले. त्यांनी हसून पाट दिला, चुलीवर चहाचं आधण ठेवलं, "काय गं, परत कीर्तन?" म्हणाल्या. मी त्यांना हौदापाशी जे ठरवलं ते सांगितलं. का ठरवलं ते पण. आधण उकळायला लागलं. त्या चुलीपुढं बसलेल्या, हातात चहापुडीचा डबा, आणि माझ्याकडं बघत होत्या. बारशात त्यांनी काय म्हटलं होतं ते त्यांना आठवलं असावं, त्यांचं तोंड उतरलं.

मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. लाकूड मागं ओढलं. आधणाचा आवाज कमी कमी होत गेला. "मला काम हाय," म्हणाल्या आणि घरामागच्या परड्यात निघून गेल्या. जा म्हणाल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत.

मी काठी घेऊन उठले. तिथून सरळ टेकाडावर गेले. चढ आहे, गुडघा आतून दुखत होता, पण थांबले नाही. दीपानं फोन उचलला. मागं लेकरू रडत होतं.

"दीपा, आज यशोदावैनींनी मला चहा दिला न्हाई."

तिनं लेकराला थोपटल्याचा आवाज आला. लेकरू गप्प झालेलं ऐकू आलं.

"आयतवारी येते," ती म्हणाली.